झाडावरचे कपडे आणि दोन टक्के

'यंग शेल्डन' या अमेरिकन कौटुंबिक विनोदी मालिकेच्या सहाव्या सीझनचा शेवट टोर्नेडोने झाला. पूर्व टेक्ससमधलं मेडफर्ड हे काल्पनिक गाव, आणि त्यातलं मीमॉचं, म्हणजे शेल्डनच्या आजीचं घर वादळाने उचलून नेलं. हा भाग मे 2023 मध्ये लागला. त्याच महिन्यात हॉलिवूडचे लेखक संपावर गेले होते, मग नटही गेले, आणि सातव्या सीझनचा पहिला भाग यायला 15 फेब्रुवारी 2024 उजाडलं. त्या भागाच्या नावात दोनच गोष्टी आहेत: व्हिएन्नाचं श्नित्झेल आणि झाडावर अडकलेली चड्डी. श्नित्झेल आलं कारण शेल्डन आणि त्याची आई तेव्हा जर्मनीत असतात. चड्डी कशी आली ते टोर्नेडो बघितलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

आम्ही तो भाग रिचर्डसनच्या आमच्या घरात बघितला. रिचर्डसन म्हणजे डॅलसला उत्तरेकडून चिकटलेलं गाव. मेडफर्डसारखं काल्पनिक नाही, आणि वादळही खरं येऊन गेलेलं. मीमॉच्या घराचा ढिगारा दिसला तशी माझी नजर छपराच्या फळ्यांवर गेली. नवरा म्हणाला, "हे सगळं टोटल लॉस." आणि चौदा वर्षांच्या मुलाने विचारलं, "पण कुणी फोटो का काढत नाहीये?"

मालिकेत फोटो काढत बसले असते तर बावीस मिनिटं त्यातच संपली असती. विमा, बँक, परमिट हे सगळं लेखकांनी बाजूला ठेवलं आणि गर्दी तेवढी ठेवली. एकीचं घर गेलं म्हणून सगळे दुसऱ्याच्या घरात, आणि मग बाथरूम कोणाचं, स्वयंपाक कोण करणार, कोणाचं बाळ रात्री रडतंय. माझ्या मते हे त्यांनी बरोबर ओळखलं. वादळ दहा मिनिटांचं असतं, त्यात विनोदाला वाव नाही. त्यानंतर दुसऱ्याच्या घरात राहणं मात्र विनोदीच असतं, फक्त तेव्हा हसू येत नाही.

आमचं वादळ 20 ऑक्टोबर 2019 चं. रविवार होता, रात्रीचे नऊ वाजून गेले होते. पुढच्याच रविवारी दिवाळी. सासूबाई सप्टेंबरात सांगलीहून आल्या होत्या आणि त्यांनी त्या दुपारी चकलीची भाजणी भाजून, मिक्सरवर दळून, चाळून डब्यात भरली होती. डबा अजून गरम म्हणून झाकण उघडं. भोंगा वाजला तेव्हा आम्ही चौघं जिन्याखालच्या कपाटात शिरलो. इथली माती काळ्या चिकणमातीची, पावसात फुगते आणि उन्हात आक्रसते, म्हणून डॅलसकडच्या घरांना सहसा तळघर नसतं. खिडकी नसलेली, घराच्या पोटातली जागा शोधायची आणि डोक्यावर गादी घ्यायची, एवढंच हातात असतं.

तो टोर्नेडो डॅलसच्या वायव्येला जमिनीवर उतरला आणि पंचवीसेक किलोमीटर तसाच ईशान्येकडे सरकत रिचर्डसनपर्यंत आला. टोर्नेडोच्या ताकदीच्या मापावर हवामान खात्याने त्याला ईएफ-3 ठरवलं. जोर सर्वांत जास्त होता तिथे वाऱ्याचा वेग ताशी 225 किलोमीटर. फॉरेस्ट लेनवरचं होम डेपोचं प्रचंड दुकान कोसळलं, थॉमस जेफरसन हायस्कूलची इमारत वापरण्याजोगी राहिली नाही. एकही माणूस मेला नाही. आमच्या गल्लीत पोचेपर्यंत त्याचा जोर कमी झाला होता. तरी छपराचा मागचा अर्धा भाग उघडा पडला, शेजारच्यांचं पेकनचं झाड आमच्या गॅरेजवर आडवं झालं, आणि स्वयंपाकघराचं छत खाली आलं. ॲटिकमधली, म्हणजे छपराखालच्या माळ्यावरची काचतंतूंची गुलाबी लोकर सगळीकडे. भाजणीतही.

कपाटातून बाहेर आल्यावर नवऱ्याने पहिल्यांदा गॅस बंद केला. मी मुलाला बूट घालायला लावले. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी टॉर्च घेतला, स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "कोणी काही उचलायचं नाही. आधी फोटो."

त्यांचा अधिकार होता. अडीच महिन्यांपूर्वी सांगलीत कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी 57 फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी 45 फूट. गावभागातल्या त्यांच्या तळमजल्यावर छातीएवढं पाणी. पाणी उतरल्यावर शेजारच्यांनी उत्साहाने दोन दिवसांत घर धुऊन लख्ख केलं, आणि पंचनाम्याला माणसं आली तेव्हा दाखवायला भिंतीवरची ओल तेवढी उरली होती. आईंनी मात्र गाळासकट गाद्या, कपाट, मिक्सर सगळं तसंच ठेवून भाच्याकडून फोटो काढून घेतले होते. शहरातल्या कुटुंबाला तेव्हा 15 हजार रुपये सानुग्रह अनुदान होतं, पाच हजार रोख आणि बाकीचे खात्यात. ती चिखलाची कामं आटोपली आणि त्यांच्या मुलाने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, "आता सहा महिने आराम करा" म्हणून तिकीट पाठवलं. तो हा आराम.

तर त्या रात्री प्रत्येक खोली चार कोपऱ्यांतून, मग छत, मग जमीन, मग प्रत्येक मोठी वस्तू जवळून, आणि टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन यांच्या मागच्या नंबराच्या पट्ट्या. पहाटे नवऱ्याने विमा कंपनीच्या नंबरावर फोन लावून क्लेम नंबर घेतला. हा नंबर लवकर मिळवणं महत्त्वाचं, कारण अख्ख्या उत्तर डॅलसने तो फोन त्या दिवशी करायचा असतो. सकाळी छपरावर ताडपत्री. पॉलिसीत स्पष्ट लिहिलेलं असतं की नुकसान वाढू नये याची काळजी घरमालकाने घ्यायची; उघड्या छपरातून दुसऱ्या दिवशी पाऊस आला तर तो तुमच्या खात्यावर. ताडपत्रीचा खर्च कंपनी देते, पावती मात्र हवी.

घर राहण्याजोगं नव्हतं. विजेचा मीटर भिंतीपासून सुटला होता, आणि असं झालं की वीज कंपनी थेट जोडून देत नाही. आपण इलेक्ट्रिशियन आणायचा, गावाचं परमिट घ्यायचं, तपासणी होऊ द्यायची, मग जोडणी. म्हणून आम्ही प्लेनोला मैत्रिणीकडे गेलो. आणि इथून आमची मालिका सुरू झाली.

मैत्रिणीची आई चिपळूणहून आलेली होती. दोन्ही व्हिसावरच्या, दोन्ही सत्तरीच्या आसपासच्या, दोघींच्या सुना-लेकी दिवसभर ऑफिसात, आणि स्वयंपाकघर एक. पहिल्या दिवशी "अहो ताई, तुम्ही बसा, मी करते" असं दोन्हीकडून. तिसऱ्या दिवशी वांग्याच्या भाजीत आईंनी शेंगदाण्याचं कूट घातलं, आणि काकू ताटावर बसून म्हणाल्या, "छान झालीय हो. आमच्याकडे नारळ घालतात." दुसऱ्या दिवशी त्याच वांग्यांत नारळ. आईंनी भाजी अगदी थोडी वाढून घेतली. मैत्रिणीचा नवरा दोन्ही दिवस "मस्त झालीय" म्हणाला आणि दोघींच्या मनातून उतरला. मुलं खूश होती, त्यांना रोज मित्र घरातच मिळाला होता. आम्ही दोघी बायका रात्री गाडीत बसून बोलायचो, कारण घरात एकही दार बंद करण्याजोगं राहिलेलं नव्हतं.

दिवाळी तिथेच झाली. चकल्या झाल्या, काकूंच्या भाजणीच्या. त्या जरा मऊ पडल्या असं आईंचं मत अजून कायम आहे.

ॲडजस्टर आला तो दिवाळीनंतर. विम्याच्या या माणसाला मी मनात तलाठी म्हणत होते, पण तो निघाला नेब्रास्काहून आलेला विशीतला मुलगा. मोठं वादळ झालं की कंपन्या देशभरातून अशी माणसं आणतात. तो शिडी लावून छपरावर चढला, खडूने गोल केले, लेझरने खोल्या मोजल्या, ॲटिकमध्ये डोकावला. नवरा त्याच्या मागे मागे वही घेऊन. आईंनी त्याला गाडीपाशीच गाठून चहा दिला. तो घ्यावा की नाही हे त्याला कळेना. मी म्हटलं, "घे, याने क्लेमवर परिणाम होणार नाही." हसला आणि घेतला.

आठवड्याभराने त्याचा अंदाजपत्रकाचा कागद आला, तीसेक पानांचा. त्यात घराचे असे तुकडे केलेले असतात की आपलंच घर ओळखू येत नाही: शीटरॉक, म्हणजे भिंतींचे जिप्समचे पत्रे, काढणे आणि लावणे इतके चौरस फूट, त्याला रंगाचा पहिला हात, दुसरा हात, शिंगल्स, म्हणजे छपरावरच्या कौलांसारख्या पट्ट्या, इतके 'स्क्वेअर', जिथे एक स्क्वेअर म्हणजे शंभर चौरस फूट छप्पर. शेवटच्या पानावर तीन आकडे. ते समजून घ्यायला आम्हाला एक पूर्ण संध्याकाळ लागली, म्हणून सोपं करून सांगते, आकडे उदाहरणाचे आहेत. समजा दुरुस्तीचा पूर्ण खर्च 80 हजार डॉलर. छप्पर बारा वर्षांचं, गालिचा नऊ वर्षांचा, म्हणून घसारा 20 हजार. उरले 60. त्यातून डिडक्टिबल, म्हणजे नुकसानीतला आपण सोसायचा वाटा, वजा. टेक्ससमध्ये वारा आणि गारांसाठी ही रक्कम बहुतेक पॉलिसींत टक्क्यांत असते, आणि टक्के नुकसानीचे नसतात, घराच्या विम्याच्या रकमेचे असतात. तीन लाखांचा विमा, दोन टक्के, म्हणजे सहा हजार. पहिला चेक 54 हजारांचा. घसाऱ्याचे 20 हजार कामं पूर्ण करून बिलं दाखवल्यावर मिळतात, तेही पॉलिसी 'रिप्लेसमेंट कॉस्ट'ची, म्हणजे नव्याची किंमत देणारी असेल तरच.

"म्हणजे सहा हजार आपलेच?" आईंनी विचारलं. हो. "मग दोन टक्के कशाला म्हणतात, सरळ सहा हजार म्हणावं की." बरोबर होतं त्यांचं. पॉलिसी घेताना दोन हा आकडा फारच लहान दिसतो.

हेच सहा हजार धरून दारावर माणसं येत होती. वादळानंतरच्या सकाळपासून परराज्याच्या पाट्या लावलेले पिकअप ट्रक गल्लीत फिरत होते. छपराचं काम करणाऱ्याला टेक्सस राज्याचा परवाना लागत नाही, त्यामुळे शिडी आणि छापील कार्ड असलेला कुणीही छप्परवाला. त्यातल्या एकाने आम्हाला सांगितलं की डिडक्टिबल तो सोडून देईल, बिल जरा वाढवून लावू, तुम्ही फक्त इथे सही करा. टेक्ससमध्ये 1 सप्टेंबर 2019 पासून, म्हणजे आमच्या वादळाच्या जेमतेम सात आठवडे आधी, यावर नवा कायदा लागू झाला होता: डिडक्टिबल माफ करायची किंवा बिलात जिरवायची लालूच देणं हा काँट्रॅक्टरचा गुन्हा, आणि विमा कंपनी घरमालकाकडे ती रक्कम भरल्याचा पुरावा मागू शकते. नवऱ्याने त्याला तसं सांगितल्यावर तो म्हणाला, असं काही त्याने ऐकलेलं नाही, आणि समोरच्या घराकडे वळला. आम्ही शेवटी गावातलाच, पंधरा वर्षांपासून दुकान असलेला माणूस घेतला. महाग होता. पण जुनी शिंगल्स काढल्यावर खालच्या फळ्या कुजलेल्या निघाल्या तेव्हा त्याने काम थांबवून आधी फोटो काढले आणि वाढीव खर्चाचा कागद विमा कंपनीला पाठवला. त्याला सप्लिमेंट म्हणतात, आणि पहिल्या अंदाजपत्रकावर सही करून गप्प बसणाऱ्यांना ते कधीच मिळत नाही.

टेक्ससचा कायदा विमा कंपनीलाही मुदती घालून देतो. दावा कळल्यापासून पंधरा दिवसांत दखल घ्यायची, आणि मागितलेले सगळे कागद हातात पडल्यावर पंधरा कामकाजाच्या दिवसांत हो की नाही ते लेखी कळवायचं. गोम 'सगळे कागद' या दोन शब्दांत आहे. आमचा एक कागद नेहमी कमी असायचा.

तो कागद म्हणजे सामानाची यादी. घराचं अंदाजपत्रक ॲडजस्टर करतो, सामानाचं आपण करायचं: खोलीवार प्रत्येक वस्तू, कधी घेतली, कुठे घेतली, किती वापरलेली, आज घ्यायची तर किंमत काय. तोवर आम्ही प्लेनोहून निघून छोट्या स्वयंपाकघराच्या हॉटेलात आलो होतो. त्याचं भाडं विम्यातून मिळत होतं. जेवणाचं मात्र सगळं नाही; नेहमी घरी किती खर्च होतो ते सांगायचं आणि त्यावरचा वाढीव तेवढाच मिळतो. आमचा वाढीव खर्च काढताना विमा कंपनीच्या बाईंना संशय आला असावा, कारण आई हॉटेलातही दोन्ही वेळा पोळ्या करत होत्या आणि वाढीव काही निघेचना.

संध्याकाळी पोळ्या झाल्या की यादी. मी लॅपटॉपवर, आई समोरच्या खुर्चीत डोळे मिटून. त्यांना माझं स्वयंपाकघर माझ्यापेक्षा पाठ होतं. "वरच्या फळीवर डावीकडे तीन पातेली, एकात एक. मागे पुरणयंत्र. त्याच्या शेजारी सोऱ्या." सोऱ्या पितळेचा, त्यांच्या सासूबाईंचा. ऑगस्टच्या पुरात गाळात सापडला, चिंचेने घासून त्यांनी तो सुटकेसमधून टेक्ससला आणला, आणि इथे येऊन त्याच्यावर छत पडलं. यादीच्या तक्त्यात रकाने होते. ब्रँड?

"मिरजेच्या बाजारातला, लिही."

वय?

"साठ तरी असेल."

कंपनीचं गणित असं की एवढ्या जुन्या स्वयंपाकघरातल्या वस्तूचं मूल्य घसरून जवळजवळ काहीच राहत नाही. नवा घेऊन पावती दाखवली तर मात्र नव्याचे पैसे. मी हे समजावून सांगितल्यावर आई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "सासूबाईंना सांगायला हवं होतं, तुमचा सोऱ्या शून्य डॉलरचा." चार दिवसांनी घराचा चुरा उपसताना तो सापडला. दांडा वाकलेला, बाकी शाबूत. त्यांनी तिथेच उभ्या उभ्या मला फर्मावलं, यादीतून काढ. काढायलाच हवा होता. सापडलेली वस्तू यादीत ठेवणं म्हणजे खोटा दावा. पण त्यांचं कारण वेगळं होतं. त्यांना तो त्या यादीत नको होता.

सर्वांत रटाळ भाग बँकेचा. घरावर कर्ज असलं की दुरुस्तीचा चेक आपल्या आणि कर्ज देणाऱ्या कंपनीच्या अशा दोन्ही नावांनी येतो. तो आपल्याला वटवता येत नाही. त्यांच्याकडे पाठवायचा, सोबत काँट्रॅक्टरचा करार, त्याचे कराचे कागद, अंदाजपत्रक. ते पैसे स्वतःकडे ठेवतात आणि तुकड्यातुकड्याने सोडतात: आमच्याकडे आधी एक तृतीयांश, अर्धं काम झाल्यावर त्यांचा माणूस तपासून गेला की दुसरा, आणि सगळं संपल्यावर शेवटचा. काँट्रॅक्टरला पैसे आधी हवेत, बँकेला काम आधी हवं, आणि मधे आपण. आमचा चेक त्यांच्याकडे पोचूनही कोणत्या टेबलावर आहे ते कुणाला सांगता येत नव्हतं. दर वेळी फोनवर नवा माणूस, आणि त्याला पहिल्यापासून टोर्नेडो. मालिकेने हा भाग वगळला याबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

आई फेब्रुवारी 2020 मध्ये परत गेल्या. महिन्याभरात जग बंद पडलं. बँकेचा तपासनीस येईना म्हणून शेवटची तपासणी मी फोनचा कॅमेरा धरून घरभर फिरत करून दिली. घसाऱ्याचे पैसे त्यानंतर आले.

'यंग शेल्डन'मधल्या त्या गर्दीतून पुढे एक आख्खी नवी मालिका निघाली. शेल्डनचा मोठा भाऊ जॉर्जी, त्याची बायको मँडी आणि बाळ शेवटी तिच्या आईवडिलांकडे राहायला जातात, आणि ऑक्टोबर 2024 पासून त्यांच्या संसाराची वेगळी गोष्ट सुरू झाली. मला नवल वाटलं नाही. चिपळूणच्या काकू आणि आई यांच्यावर दोन सीझन सहज निघाले असते. दोघी अजून एकमेकींना फोन करतात, आणि विषय बहुतेक वेळा वांगी.

आईंनी सांगलीला गेल्यावर विमा काढायचं डोक्यात घेतलं होतं. भारतात 1 एप्रिल 2021 पासून सगळ्या कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी द्यावी लागते. पूर, वादळ दोन्ही त्यात येतं, आणि घराच्या विम्याबरोबर सामानाचा विमा आपोआप मिळतो, घराच्या रकमेच्या 20 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख. त्यासाठी सामानाची तपशीलवार यादी द्यावी लागत नाही. त्यांनी ती मे महिन्यात घेतली. जुलैत कृष्णा पुन्हा चढली आणि आयर्विनला पन्नास फुटांच्या वर गेली. वरच्या मजल्यावर जायच्या आधी त्यांनी प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढून मला व्हॉट्सॲपवर पाठवला. चार कोपरे, छत, जमीन, फ्रिजमागची पट्टी. मी फोन करून म्हटलं, आई, या पॉलिसीला यादी लागत नाही, तुम्ही आधी वर जा.

"लागत नाही ते मला माहितेय," त्या म्हणाल्या. "पण येईल तो माणूस विचारणारच. तू जपून ठेव, माझा फोन भिजला तर. आणि सोऱ्या त्यात नाहीये, तो मी वर आणलाय."